बी विंग ग्रुप : लिफ्टमधली खुर्ची

साने ५०२ : सकाळी ७ ते ७.२० लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर खुर्ची लावून अडवली होती. आईला फिजिओथेरपीला न्यायचं होतं. तिचे गुडघे बदललेत, सगळ्यांना माहीत आहे. काय चाललंय हे?

भिडे काकू : टाकीचा ओव्हरफ्लो गळतोय. तिसऱ्यांदा लिहितेय.

कर्वे काका : साने, मनापासून माफी. शनिवार-रविवारच्या फिल्ममेकिंग क्लासचा गृहपाठ होता. पाच शॉट, संवाद नाही. दहा मिनिटांत उरकेल वाटलं, पण मोबाइलमध्ये ट्यूबलाइट थरथरत होती. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदाचं हवं. मी १/६० ठेवलं होतं. सगळं पुन्हा घेतलं.

साने ५०२ : हर्ट्झचं आईला सांगतो. बँकेतही काउंटरवर असंच थांबवायचात.

अमोल ४०३ : काका, हिरोईन कोण? 😄

कर्वे काका : हिरोईन नाही. आपला वॉचमन आहे, फार सहज करतो.

देव २०४ : फाळक्यांना तरी कुठे मिळाली होती? १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केली. अमोल, दाढी काढ.

अमोल ४०३ : साडी भिडे काकूंची.

भिडे काकू : देते. आधी ओव्हरफ्लो बंद करा.

सेक्रेटरी : आदरणीय सभासद, वॉचमन ड्युटी सोडून अभिनय करत होता का? गेटवर कोण होतं? यापुढे पॅसेजमध्ये शूटिंगसाठी लेखी अर्ज लागेल.

देव २०४ : गणपतीत तुमच्या चिरंजीवांनी गच्चीवरून ड्रोन उडवला, त्याचा अर्ज दाखवा.

सेक्रेटरी : तो विषय वेगळा आहे.

देव २०४ : नेहमीच असतो 🙏

कर्वे काका : कृपया भांडू नका. कच्ची क्लिप टाकतोय, बघून सांगा.

अमोल ४०३ : मस्त! पण वॉचमन आधी दरवाजाकडे बघतोय, पुढच्या शॉटमध्ये एकदम उलटीकडे?

कर्वे काका : बरोबर पकडलंस. दोन पात्रांमध्ये एक रेषा धरायची, कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. माझ्याकडून ओलांडली गेली.

साने ५०२ : रेषा तुम्ही सकाळी सातलाच ओलांडलीत.

भिडे काकू : टाकीचा ओव्हरफ्लो गळतोय.

कर्वे काका : काकू, एक ऐका. शूटिंगच्या जागेची नुसती शांतताही अर्धा मिनिट रेकॉर्ड करायला सांगतात, एडिटिंग करताना शॉटखाली अंथरायला. काल रात्री १ ला जिन्यात केली. 🎤 ०:३२

भिडे काकू : टप टप टप! शांतता कसली, हाच माझा ओव्हरफ्लो! चार रात्री झोप नाही. सेक्रेटरी, हेडफोन लावून ऐका.

सेक्रेटरी : रात्री १ वाजता जिन्यात रेकॉर्डिंगची परवानगी कोणी दिली?

देव २०४ : पाण्याने कोणाची घेतली?

सेक्रेटरी : प्लंबरला फोन केलाय. ११ पर्यंत येईल.

साने ५०२ : लिफ्टने येणार असेल तर खुर्ची काढा कोणीतरी. अजून आतच आहे.