चर्चा: मराठीच्या तासाला चित्रकथी हवी का?

तासाची घंटा
२०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. घरात मराठी अजिबात न बोलणारी मुलंही आता आमच्या तासाला बसतात. त्यांना बोलतं कसं करायचं, हे मला पाठ्यपुस्तकापेक्षा सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळी गावाने शिकवलं. तिथला ठाकर समाजाचा चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र पुढे धरतो आणि वीणा, हुडुक (छोटं चर्मवाद्य), टाळाच्या साथीने रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवतो. समोर फक्त चित्र, भाषा सगळी सांगणाऱ्याच्या तोंडी! सोन्याच्या हरणाचा प्रसंग घ्या. हरिण आलं, सीता भुलली, राम धावला. तीन वाक्यांत तिन्ही लिंगं. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून हिंदी बोलणारी मुलं नेमकी इथेच अडखळतात. तक्ता घोकून हे जिभेवर बसत नाही, गोष्ट सांगता सांगता बसतं.

रोजची मराठी
नाही पटलं. वनवास, पर्णकुटी हे शब्द घेऊन मूल रस्त्यावर काय करणार? त्याला कंडक्टरशी, भाजीवालीशी, शेजारच्या आजींशी बोलायचंय. लिंगांचा सराव मंडईच्या चित्रावरही होतो: आंबा पिकला, काकडी चिरली, लिंबू पिळलं. मोजक्या तासांत लोककला घुसवली की त्याचं गॅदरिंग होतं. फेटे बांधून फोटो निघतात आणि भाषा राहते बाजूला.

तासाची घंटा
फेटे मलाही नकोतच. पण लिंबू पिळलं की विषय संपतो. हरिण आलं की मुलं विचारतात, ‘मग?’ तिथून वाक्याला वाक्य जोडावंच लागतं. सीता हट्ट धरते, राम समजावतो: विनंती, नकार, आर्जव, सगळं ओघात येतं. भाजीवालीशी बोलायलाही हेच लागतं ना?

जात्यापाशी
लोककला म्हणजे रोजच्या जगण्याबाहेरचं, हे कुणी ठरवलं? समाजअभ्यासक हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा झाल्या. ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्यातल्या अनेक ऐकायला मिळतात. आई, भाऊ, माहेर, पाऊस, शिवाय सीतेचा वनवासही त्यात आहे. वर्गात त्या बायकांच्याच आवाजात ऐकवा. कृपा करून प्रमाण भाषेत ‘सुधारू’ नका.

रोजची मराठी
इथेच माझी खरी अडचण आहे. नवशिक्या मुलाच्या कानावर बोलीतली आणि प्रमाण अशी एकाच क्रियापदाची दोन-तीन रूपं पडली तर ते बोलायलाच बिचकतं. आधी एक रूप पक्कं होऊ द्या.

कुडाळकर
पिंगुळीचं नाव निघालं म्हणून लिहितो. इथले चित्रकथी कलाकार परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली, आम्हाला त्याचा फार अभिमान आहे. पण चित्रांच्या रंगीत झेरॉक्स भिंतीला लावून ही कला वर्गात येत नाही. कलाकाराला बोलवा, प्रवासखर्च आणि मानधन द्या, मुलांना त्याच्यासमोर बसून प्रश्न विचारू द्या. शाळेच्या वार्षिक खर्चात हे बसवता येईल का, यावर शिक्षकांनी बोलावं.

रोजची मराठी
मानधनाचं शंभर टक्के पटलं. पहिली-दुसरीला मात्र मी मंडईच शिकवेन. पाचवीला पोथी उघडा, मीही ऐकायला येईन.