ताई ची शिकलात का? तुमचे अनुभव लिहा

आमच्याकडे इंग्लंडमध्ये लेस्टरला चर्चच्या हॉलमध्ये आठवड्यातून एकदा ताई चीचा, म्हणजे संथ हालचालींच्या चिनी व्यायामाचा, क्लास असतो, मी गेली काही वर्षं जातेय आणि मला मनापासून वाटतं की पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाने एकदा तरी जाऊन बघावं. हाडं ठिसूळ व्हायला लागलीत, पडू नका, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण पडायचं नाही म्हणजे नेमकं करायचं काय ते मला क्लासमध्ये कळलं. ताई चीच्या वेगवेगळ्या शैली आहेत, आम्ही त्यातल्या यांग शैलीचा २४ चालींचा संच करतो, १९५६ मध्ये चीनच्या सरकारी क्रीडा आयोगाने लोकांना जमेल असा आटोपशीर केलेला. सुरुवातीला हातांचं काही शिकवलंच नाही. नुसतं वजन एका पायावर पूर्ण न्यायचं, दुसरा रिकामा झाला की मगच उचलायचा, आधी टाच टेकवायची, टेकली तरी लगेच वजन द्यायचं नाही. तासभर हेच! पण आता बसमधून उतरताना, ओल्या फरशीवर, पाऊल आपोआप तसंच पडतं. तुमचंही लिहा, फायदा झाला नसेल तरी लिहा.

---

सिंगापूरहून लिहितेय. इथे बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत सकाळी ग्रुप जमतो, बहुतेक चिनी आजी-आजोबा, सूचना सगळ्या मँडरिनमध्ये, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. नवीन माणसाला कायम मधे उभं करतात, कारण वळलं की पुढची रांग मागे जाते आणि समोर बघायला कुणी उरत नाही, मधे असलं की चारी बाजूंना कुणीतरी असतंच. मी बघूनच शिकले. ढगांसारखे हात फिरवायची एक चाल आहे, कमरेतून वळत वळत बाजूला सरकायचं, ती सगळे एका लयीत करतात तेव्हा डोक्यातले विचार खरंच थांबतात. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्याही साडीत सगळं करायच्या आणि एका आजींशी त्यांची एक शब्द न बोलता इतकी गट्टी जमली की अजून फोन केला की आधी त्यांचीच चौकशी.

---

माझ्या बाबांना पार्किन्सन आहे, आम्ही अमेरिकेत. न्यूरॉलॉजिस्टनीच सुचवलं. ओरेगनमध्ये पार्किन्सनच्या १९५ पेशंट्सवर अभ्यास झाला होता, २०१२ मध्ये छापून आला, आठवड्यातून दोनदा असं २४ आठवडे, त्यात ताई ची करणाऱ्यांचा तोल नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा चांगला सुधारला आणि ते पडलेही कमी. बाबांचा हाताचा कंप आहे तसाच आहे हे स्पष्ट सांगते, गोळ्याही तेवढ्याच. फरक पडला तो वळण्यात. आधी स्वयंपाकघरात वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे, आता ‘वजन डावीकडे, मग उजवा पाय’ असं पुटपुटत वळतात. असं कुणी घरी असेल तर खुर्ची जवळ ठेवा आणि सुरुवातीला शेजारी उभे राहा.

---

गुडघेवाल्यांनो, जरा जपून. मी पुण्यात सुरू केलं तेव्हा सर फार खाली बसायला लावायचे, गुडघा सुजला, सोडून दिलं. मग मुलीकडे सिडनीला गेलो तिथे संधिवातवाल्यांसाठी वेगळा क्लास मिळाला, डॉ. पॉल लॅम यांनी १९९७ मध्ये बसवलेला कार्यक्रम, ‘सुन’ नावाच्या ताई चीच्या शैलीवर. यात उंच उभं राहायचं, पावलं छोटी, एक पाय पुढे गेला की दुसरा मागोमाग येतो, गुडघ्यावर फार वेळ भार राहत नाही. गुडघा पायाच्या बोटांच्याच दिशेत हवा, आत झुकता कामा नये, तिथल्या बाई दर वेळी येऊन बघायच्या. दुखलं तर थांबा, सरांना वाईट वाटेल म्हणून ओढत राहू नका.

---

मला नाही रुचलं. इतकं हळू करायचं तर उलट अस्वस्थ व्हायला होतं, मी पोहायला जातो तेच बरं. आई मात्र नेमाने जाते आणि तिला झोप छान लागते.

---

बूट कुठले घालायचे?

---

सपाट, पातळ तळव्याचे घ्या. जाड रनिंग शूज नकोत, कारण टाचेवर पाऊल वळवावं लागतं, जाड रबर जमीन धरून बसतं आणि पीळ गुडघ्यात जातो. आणि पैसे भरायच्या आधी एक तास नुसतं बसून बघा, शिकवणारे प्रत्येकाच्या पायांकडे लक्ष देतात का ते. देत नसतील तर दुसरा क्लास शोधा.