कुणबीण, बटीक, दासी: नेमका अर्थ काय?

प्रश्न: पेशवाईतल्या कागदांवरच्या एका लेखात ‘कुणबीण विकत घेतली’ असं वाचलं. कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको ना? तिची खरेदी कशी होईल? घरी काका म्हणाले, “आपल्याकडे गुलामगिरी नव्हती. दासी असत, घरच्यासारख्या. गुलाम अमेरिकेत.” हे बरोबर आहे का?

उत्तर १: तुमचा अर्थ बरोबरच आहे, पण त्या काळी कुणबीण म्हणजे विकत घेतलेली किंवा सरकारजमा झालेली बाईही. बटीक हा त्याच अर्थाचा दुसरा शब्द. व्यभिचाराचा आरोप शाबीत झालेल्या बाईला सरकार कुणबीण करून ठेवी. अशा बायका वाड्यांत, कोठ्यांत, पागांत राबत. त्यांची खरेदी-विक्री होई, त्या बक्षीसही दिल्या जात. मालकापासून झालेल्या मुलाला लेकावळा म्हणत. शब्दांची एवढी वर्गवारी ज्या भाषेत आहे, तिथे ती गोष्टच नव्हती असं कसं म्हणायचं?

उत्तर २: ‘दासी’बद्दल मला बोलायचंय. जनाबाई स्वतःला ‘दासी जनी’ म्हणवते, रामदासांच्या नावातच दास आहे. भक्तीमुळे या शब्दाला माया चिकटली आहे. बाजारातून आणलेल्या बाईला दासी म्हटलं की ती माया फुकटात मालकाच्या पदरात पडते. ‘गुलाम’ला तसं संरक्षण नाही. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मुलगा, पोरगा. आपल्याकडे पत्त्यांच्या डावापर्यंत तो आला तो हुकमाचा ताबेदार म्हणूनच.

प्रश्नकर्ता: पण अमेरिकेतल्या गुलामगिरीशी तुलना करणं योग्य आहे का?

उत्तर १: तुलना करायची तर फरक झाकू नये. सुमारे 1 कोटी 25 लाख आफ्रिकी माणसं अटलांटिकवरच्या जहाजांत कोंबली गेली आणि त्यांतली 18 लाखांच्या आसपास वाटेतच मेली. तिथे गुलामी कातडीच्या रंगावरून ठरली आणि ऊस-कापसाच्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालली. आपल्याकडे तो पसारा नव्हता. पण म्हणून ‘आपली सौम्य होती’ हे कोणाला विचारून ठरवायचं? फ्रेडरिक डग्लस गुलामीतून पळाला आणि 1845 मध्ये त्याने स्वतःची कहाणी छापली. कुणबिणीची किंमत दप्तरात सापडते, तिचं म्हणणं सापडत नाही. ‘घरच्यासारखी’ हा घरच्यांचा शब्द आहे.

उत्तर ३: कायद्याचं थोडं. ब्रिटिश संसदेने 1833 मध्ये वसाहतींतली गुलामी बंद केली, तेव्हा कंपनीचा मुलूख वगळला होता. इथे 1843 चा कायदा आला. नसलेल्या गोष्टीसाठी कायदा लागला नसता.

शिवाय जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ 1873 चं. निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना ते अर्पण केलंय, आणि त्यांचं उदाहरण देशबांधवांनी घ्यावं ही इच्छा त्यात आहे. ही पण तुलनाच. काकांची तुलना विषय मिटवायला आहे, फुल्यांची तो उघडायला.

उत्तर २: म्हणून भाषांतरात किंवा लेखनात मी ‘विकत घेतलेली कुणबीण’ असंच लिहीन, ‘दासी’ नाही. आणि अग्रलेखांतून सर्रास येणारं ‘सत्तेची बटीक’ माझ्या हातून आता उतरत नाही. लाचार माणसाला शिवी द्यायला आपण विकल्या गेलेल्या बाईचं नाव वापरतो.

प्रश्नकर्ता: हे मी आजच काकांना वाचून दाखवतो.