बर्ड फ्लूच्या पट्ट्यातून कापलेल्या कोंबड्या बाहेर नेता येतात का? (कळमेश्वर ते उमरेड)

वाडीवाला_कळमेश्वर
नमस्कार मंडळी. वाडीवर 60 गावरान कोंबड्या आहेत, एकही आजारी नाही. बाजूच्या गावातल्या शेडचा नमुना पॉझिटिव्ह आला आणि जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला. ते शेड रस्त्याने 12 किमीवर आहे. रविवारी उमरेडला बहिणीकडे कार्यक्रम आहे, 15 कोंबड्या लागतील. जिवंत नेणार नाही. घरीच कापून, साफ करून, बर्फाच्या डब्यातून नेईन. तरी बंदी लागते का? गावातला एक जण शिकारीचे तित्तरही देतो म्हणतो, ते चालतील का?

कुक्कुट_सल्ला
भाऊ, रस्त्याचं अंतर धरू नका. बाधित शेड मध्यबिंदू धरून नकाशावर वर्तुळ काढतात. 1 किमीच्या आत बाधित क्षेत्र, तिथले सगळे पक्षी नष्ट होतात. 1 ते 10 किमीपर्यंत निगराणी क्षेत्र. पक्षी मारत नाहीत, पण खरेदी, विक्री, वाहतूक बंद असते. मोबाइलच्या नकाशात शेडपासून वाडीपर्यंत सरळ रेषा मोजा. वळणाचा 12 किमी रस्ता सरळ रेषेत 10 च्या आत सहज येतो. 10 च्या आत असाल तर कापलेला मालही बाहेर काढू नका. अंडी, खाद्य आणि कोंबडखतही तिथंच राहू द्या.

बर्फाचा मुद्दा तर उलटा आहे. या विषाणूला थंडी मानवते. 22 अंशांच्या पाण्यात तो साधारण 4 दिवस टिकतो, 0 अंशाला 30 दिवसांहून जास्त. डब्याच्या बुडाशी साचणारं गुलाबी पाणी उमरेडला अंगणात ओतलं आणि तिथल्या कोंबड्यांनी चोच मारली, की झालं. पक्षी निरोगी दिसतो म्हणूनही निर्धास्त राहू नका, लक्षणं दिसण्याआधीच विष्ठेतून विषाणू बाहेर पडू शकतो.

रानवाट_नागपूर
तित्तराचं उत्तर सोपं आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याची शिकार बंद आहे, मांस जवळ बाळगणं हाही गुन्हा. बर्ड फ्लू असो वा नसो, हात लावू नका.

घरी कापाल तेव्हा आतडी, मुंडकी मांजराला किंवा कुत्र्याला टाकू नका. डिसेंबर 2024 मध्ये आपल्या नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात 3 वाघ आणि 1 बिबट्या गेले, तपासणीत एच5एन1, म्हणजे बर्ड फ्लूचाच विषाणू निघाला. पुढच्याच महिन्यांत छिंदवाड्यात पाळीव मांजरांतही तोच सापडला. कच्चं मांस खाणाऱ्या प्राण्यांना धोका मोठा आहे. माणसांसाठी मांस आतपर्यंत 70 अंश तापलं पाहिजे, हाडाजवळ गुलाबी राहायला नको.

वाडीवाला_कळमेश्वर
मोजलं, 8.7 किमी. म्हणजे रद्द. पण आधीच्या आठवड्यात पिंजरे दुसरीकडे दिले होते, ते परत आलेत. त्यांचं काय करू?

कुक्कुट_सल्ला
बरं झालं विचारलं, चूक नेमकी इथंच होते. लोक थेट ब्लीचिंगचं पाणी मारतात. विष्ठा आणि पिसं चिकटलेली असतील तर क्लोरीन त्या घाणीतच संपतो, विषाणूपर्यंत पोहोचत नाही. आधी साबणाच्या पाण्यानं ब्रशनं घासा. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणानं तुटतं. जाळीच्या कोपऱ्यात अडकलेलं पीस काडीनं काढा. धुवून पाणी निथळू द्या, मगच जंतुनाशक मारा. 2 टक्के कॉस्टिक सोडा, म्हणजे लिटरला 20 ग्रॅम. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही, उसळतं. रबरी हातमोजे आणि चष्मा लावा, ॲल्युमिनियमला लावू नका. मग धुवून कडक उन्हात वाळवा. हे प्लास्टिकच्या क्रेटसाठी. बांबूच्या टोपल्या फटीफटीत घाण धरतात, त्या जाळलेल्या बऱ्या. धुतलेलं पाणी नाल्यात सोडू नका.

पशुसंवर्धन_माहिती
एक राहिलं. पक्षी मेला तर उघडून पाहू नका, गाडीत टाकून दवाखान्यातही नेऊ नका. जागेवरच झाकून 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन करा. नमुना पशुधन विकास अधिकारी घेतील, शेवटचा निकाल भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतून येतो. पक्षी लपवूही नका: पथकानं नष्ट केलेल्या पक्ष्यांचीच भरपाई मिळते, आधी मेलेल्यांची नाही.

कार्यक्रमासाठी कोंबड्या उमरेडलाच घ्या. तुमच्या वाडीवरची बंदी जिल्हाधिकाऱ्यांचा पुढचा आदेश निघाल्यावरच उठेल, आजूबाजूचे लोक काय म्हणतात त्यावर जाऊ नका.