ट्रेलर जोडला की ब्रेक लाइटचा फ्यूज उडतो

उरण_ट्रेलर
२४ व्होल्टचा घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी), मागे ४० फुटी ट्रेलर. न्हावा शेवा-भिवंडी लाइन. पावसाळा लागल्यापासून ब्रेक मारला की १० अँपिअरचा फ्यूज उडतो, खड्ड्यात आदळल्यावर तर हमखास. शिवाय ट्रेलरचा डावा टेललॅम्प ब्रेक दाबल्यावर उजळायचा सोडून मंद होतो. बल्ब नवे टाकलेत. नुसता घोडा चालवला तर सगळं ठीक. गॅरेजवाला अख्खं हार्नेस (वायरींचा जुडगा) बदला म्हणतो. बदलू का?

वायरमन_वडाळा
एवढ्यात नको. घोडा एकटा ठीक चालतो म्हणजे स्विच आणि फ्यूजबॉक्स बरे आहेत, घोळ ट्रेलरचा प्लग लागतो त्या सॉकेटपासून मागे. आणि फॉल्ट दोन आहेत, एकत्र शोधू नका.

आधी फ्यूज. २१ वॅटचा एक बल्ब २४ व्होल्टवर पाऊण-एक अँपिअर घेतो. घोड्याचे दोन, ट्रेलरचे दोन धरून साडेतीन. लोडने १० चा फ्यूज जात नाही, वायर सोलून चेसिसला टेकतेय. फ्यूज काढा, त्या जागी २४ व्होल्टचा ७५ वॅटचा हेडलाइट बल्ब दोन वायरींनी जोडा आणि कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. बल्ब अर्धवट पेटला तर ठीक, लख्ख पेटला तर शॉर्ट. मग मागे जाऊन हार्नेस हलवत चला: क्रॉस मेंबरची (चेसिसच्या आडव्या पट्ट्यांची) भोकं, सस्पेंशनजवळचा भाग, मडगार्डचे क्लॅम्प. जिथे हात लागताच बल्ब मंद होईल तिथेच टेप सोडून बघा. फ्यूज जाळत बसायची गरज नाही.

दहाचाकी
डाव्या लॅम्पचं अर्थिंग गेलंय. दोन फिलामेंटच्या बल्बला परतीची वाट मिळाली नाही की ब्रेकचा करंट टेलच्या फिलामेंटमधून उलटा दुसऱ्या दिव्यांकडे पळतो, म्हणून मंद. ब्रेक दाबून मीटर लावा, एक टोक होल्डरच्या अर्थवर, दुसरं प्लगच्या १ नंबर पिनच्या, म्हणजे अर्थच्या वायरवर. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ खराब. बंदराकडच्या खाऱ्या हवेत लगवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) हिरवा थर धरतो, वरून दिसतही नाही.

बल्बही काढून बघा. दोन फिलामेंटच्या होल्डरमध्ये एक फिलामेंटचा बल्ब कोंबला की त्याचा मोठा टाका दोन्ही संपर्क जोडतो. ब्रेक मारला की टेललाइट पण लागतात, तो हाच प्रकार.

उरण_ट्रेलर
अर्थ किंगपिनमधून (ट्रेलर घोड्याला अडकतो त्या खिळीतून) मिळत नाही का?

दहाचाकी
मध्ये ग्रीस आहे दादा. कधी मिळतो, वळणावर जातो. २.५ चौरस मिमीची वायर लॅम्पपासून थेट १ नंबर पिनला न्या. ब्रेक ४ नंबरवर असतो. वायरच्या रंगावर जाऊ नका, जुन्या ट्रेलरवर कुणी काय जोडलंय सांगता येत नाही.

वायरमन_वडाळा
जोड क्रिम्प करून (पक्कडीने दाबून) हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसती टेप गुंडाळली की पाणी आत साठतं आणि तांबं काळं पडतं. प्लगपाशी वायरला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी सॉकेटकडे न जाता तिथून ठिबकेल. आणि फॉल्ट सापडेपर्यंत कुणी ३० चा फ्यूज टाकायला निघाला तर हात धरा, फ्यूज राहील आणि वायर जळेल.