घरच्या संगीत सर्व्हरला एक्स्टेन्शनं लावावीत का? (माझं मत : नाही)

विलंबित

दोन वर्षं झाली, रात्रीची जेवणं आटोपली की मी बाबांच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवत बसतो. कॅसेटला घाई चालत नाही. सी-९० ची एक बाजू ४५ मिनिटांची, ती उतरायला ४५ मिनिटंच लागतात. अलूरकर म्युझिक हाउसच्या कॅसेटी आहेत, आकाशवाणीवरून टेप केलेलं गाणं आहे, आणि कित्येक कॅसेटींवर बाबांच्या अक्षरात नुसतं 'छान' एवढंच लिहिलंय. सगळं फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काही न गमावता, साठवलं. एवढं राबून शेवटी एमपीथ्री करायचं म्हणजे बासुंदी आटवून वर पाणी ओतायचं.

मग रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर आणला, बाहेरची डिस्क लावली, मोपिडी हा संगीत सर्व्हर बसवला आणि हॉलमधल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला वायर जोडली. सहकारनगरातल्या आमच्या दोन खोल्यांना एवढं पुष्कळ. बाबा टॅबवर आयरिस (मोपिडी चालवायचं वेबपान) उघडतात, राग शोधतात, लावतात. इथे मी थांबायला हवं होतं. इंटरनेट रेडिओ, एका स्ट्रीमिंग सेवेचं, व्हिडिओंतून गाणी वाजवणारं, काय काय ऐकलं त्याची नोंद ठेवणारं... करता करता मोपिडीला नवी कामं शिकवणारी ही एक्स्टेन्शनं नऊ झाली.

परिणाम दोन. एक म्हणजे शोध. पूर्वी 'तोडी' टाइप केलं की लगेच यादी यायची, आता दहा-दहा सेकंद चक्र फिरतं. मोपिडी शोधाचा प्रश्न सगळ्या बॅकएंडना, म्हणजे गाण्यांच्या स्रोतांना, एकदम विचारते आणि सगळ्यांची उत्तरं येईपर्यंत थांबते. घरातल्या डिस्कनं क्षणात दिलेलं उत्तर परदेशातल्या कुठल्याशा सर्व्हरपायी ताटकळत बसतं. दुसरं म्हणजे, गेल्या गुरुवारी संध्याकाळी मी पॉडकास्टचं एक्स्टेन्शन टाकलं आणि शुक्रवारी सकाळी सहाला बाबांनी मला उठवलं, "अरे, सगळं गाणं गेलं." लायब्ररीत शून्य गाणी. पाय बंद-चालू केला, डिस्क उघडून पाहिली, तर फाइली जागच्या जागी. मोपिडीच्या यादीत मात्र एकही नाही.

म्हणून म्हणतो, घरच्या सर्व्हरवर घरचंच गाणं असावं. लोकल (डिस्कवरची गाणी), एमपीडी (त्याच नावाच्या जुन्या सर्व्हरचे क्लायंट मोपिडीला जोडू देणारं), आयरिस. चौथं एक्स्टेन्शन घरात घेऊ नये. ज्याचं दुसरं टोक परक्याच्या हातात आहे ते कधीतरी सुटणारच. मोपिडी २००९ साली सुरू झाली तीच मुळी एमपीडीच्या क्लायंटमधून स्पॉटिफाय वाजवता यावं म्हणून. ते ज्या लिबस्पॉटिफाय या स्पॉटिफायच्याच कोडवर उभं होतं तो मे २०२२ मध्ये बंद झाला. आणि माझ्या लोकलच्या फाइली? त्यांना कुणाची परवानगी लागत नाही.

खटपट्या

'चौथं घरात घेऊ नये' हे आवडलं. फक्त डिसेंबर २०१९ मध्ये मोपिडी ३.० आली तेव्हा लोकल आणि एमपीडी दोन्ही गाभ्यातून काढून वेगळी एक्स्टेन्शनं केली गेली, आणि आयरिस तर पहिल्यापासून तिऱ्हाइताचं. तुम्ही ज्यांना घरचे म्हणताय ते तिघंही बाहेरून आलेत. खरोखर बिनएक्स्टेन्शनची मोपिडी हवी असेल तर बसवून बघा, बाबा टॅब तुमच्या अंगावर फेकतील.

शुक्रवारचं खापर पॉडकास्टवर फोडताय ते मला पटत नाही. एखाद्या एक्स्टेन्शनचं कॉन्फिग (सेटिंग) चुकलं तर मोपिडी तेवढंच बंद करते, लॉगमध्ये, म्हणजे तिच्या नोंदवहीत, तशी ओळ टाकते आणि बाकीचं चालू ठेवते. लोकलची यादी लोकलच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असते, तिथे दुसरं कुणी हात घालत नाही. लॉग बघितलात का? आणि ही नऊ एक्स्टेन्शनं पिपनं (पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या आज्ञेनं) टाकलीत ना? डेबियन लिनक्सच्या बुकवर्म आवृत्तीपासून पिप सिस्टिमच्या पायथनमध्ये काही टाकायला साफ नकार देतं. म्हणजे तुम्ही पुढे 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' जोडून ते गळी उतरवलं असणार. पुढे काय होणार ते नावातच लिहिलंय, राव.

तपकीर गल्ली

पायला अ‍ॅडॅप्टर कोणता लावलाय?

विलंबित

खटपट्या, हो, तेच जोडून टाकलं. चूक मान्य. लॉग बघितला नाही, रागाच्या भरात पॉडकास्ट उडवलं, पुन्हा स्कॅन केलं आणि यादी परत आली. लोकलही एक्स्टेन्शनच आहे हा मुद्दा मात्र शब्दच्छल झाला. फरक कोडचा नाही, अवलंबून असण्याचा आहे. लोकलचं काम उद्या कुणी सोडून दिलं तरी आज माझ्या कार्डावर आहे ते वाजत राहील. स्ट्रीमिंगवाल्याचं एक्स्टेन्शन माझ्याकडे काहीही न बदलता एका सकाळी मरू शकतं.

पेठेतला पाहुणा

आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. तेव्हापासून आमच्याकडे एक बटण दाबलं की गाणं लागतं. स्कॅन नाही, पिप नाही, लॉग नाही. वडिलांना तेच हवं असेल, विचारून बघा. बाकी चालू द्या.

विलंबित

विचारलं. म्हणाले, "रेडिओ त्याला हवं ते लावतो." रेडिओही या सर्व्हरवर लागतो आणि त्याला वेगळं एक्स्टेन्शन लागतच नाही हे मला उशिरा कळलं. स्ट्रीम (इंटरनेटवरून वाजवणारं) आणि एम३यू (प्लेलिस्ट ठेवणारं) मोपिडीबरोबरच येतात. प्लेलिस्टच्या फाइलमध्ये स्टेशनचा पत्ता एका ओळीत लिहिला की झालं. म्हणजे नवातलं एक निव्वळ हौसेनं टाकलं होतं.

मुलतानी

तुम्ही सगळे एक्स्टेन्शनवर भांडताय आणि मी अजून टॅगमध्येच अडकले आहे. मी गाणं शिकते, माझ्याकडे तीन-साडेतीन हजार फाइली आहेत. या सगळ्या सॉफ्टवेअरांना गाणं म्हणजे कलाकार, अल्बम, गाण्याचं नाव, इतकंच ठाऊक. राग कुठे लिहायचा? ताल कुठे? साथीला तबल्यावर कोण, पेटीवर कोण? मी शेवटी असं ठरवलं की जॉनरमध्ये राग, कंपोजरमध्ये बंदिशकार माहीत असेल तर तो, परफॉर्मरमध्ये साथीदार आणि कॉमेंटमध्ये ताल. मोपिडीच्या लोकलमध्ये जॉनर, कंपोजर, परफॉर्मर अशा वेगळ्या याद्या उघडता येतात, त्यामुळे 'जॉनर' दाबलं की रागांची यादी समोर येते. शब्द चुकीचा, काम बरोबर.

पण लेखनाचं काय करायचं? ललत की ललित? मारुबिहाग की मारूबिहाग? एका उकारानं माझे अकरा मारूबिहाग दोन ठिकाणी विभागले गेले होते आणि सहा महिने मला पत्ता नव्हता. विलंबित, तुमच्या दहा सेकंदांचं मला एवढं दुःख नाही. सापडायला उशीर झाला तरी चालेल, पण असून सापडत नाही हे वाईट.

आणि कृपा करून शफल नको. विलंबित एकताल एका फाइलमध्ये, द्रुत पुढच्या फाइलमध्ये, मध्ये शफलनं आणून टाकलेली भलतीच कव्वाली. ख्यालाच्या माणसानं ते बटण झाकून ठेवावं.

एक्स्टेन्शनविषयी विचारलंत तर मी मध्यम. मला सकाळी सहाला ललत-तोडी, दुपारी मुलतानी-भीमपलास, रात्री बागेश्री-मालकंस असं आपोआप लागायला हवं होतं. त्यासाठी एक्स्टेन्शन शोधत आठवडा घालवला. मग क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या यंत्रणेत, ओळी टाकल्या, त्या एमपीसी या छोट्या क्लायंटला हाका मारतात : रांग पुसा, 'सकाळ' नावाची प्लेलिस्ट लोड करा, वाजवा. सर्व्हरच्या पोटात काही घातलं नाही, बाहेरून एमपीडीच्या ६६०० पोर्टवर सांगितलं.

विलंबित

हेच! सर्व्हर साधा ठेवा, शहाणपण बाहेर ठेवा. माझ्याकडेही क्रॉन आहे. पहाटे चारला लोकल स्कॅन आपोआप चालतं, म्हणजे रात्री उतरवलेली कॅसेट बाबांना सकाळी यादीत दिसते.

खटपट्या

क्रॉनची ओळ म्हणजे एक्स्टेन्शनच की. फक्त तिला नाव नाही, आवृत्ती नाही, आणि तुम्ही नसताना ती काय करते हे घरात कुणाला माहीत नाही. माझ्या मते उलट आहे. एक्स्टेन्शनला कॉन्फिग फाइलमध्ये स्वतःचा विभाग असतो, 'एनेबल्ड'च्या पुढे 'फॉल्स' लिहिलं की गप्प बसतं. 'मोपिडीसीटीएल कॉन्फिग' चालवलं की काय चालू, काय बंद, सगळं एका पानावर दिसतं. तुमच्या बाहेरच्या शहाणपणाचं असं पान कुठाय?

शोध हळू होतो याचा उपाय म्हणजे एक्स्टेन्शन उखडणं नव्हे. आयरिसमध्ये शोध कोणत्या स्रोतांत करायचा ते निवडता येतं. बाबांच्या टॅबवर फक्त लोकल ठेवा, तुमच्या फोनवर सगळं. आणि स्ट्रीमिंगचं दार बंद करून बसलात तर बाबा त्याच कॅसेटींत फिरत राहणार. माझ्या आईनं या वयात पहिल्यांदा धारवाडकडच्या तरुण गायकांची नावं ऐकली ती माझ्या त्या 'परक्या' एक्स्टेन्शनमधूनच. उद्या बंद पडेल? पडेल. तोवर ऐकून तर होईल!

विलंबित

आयरिसमधली ती सोय मला माहीत नव्हती. आज करून बघतो. आईंबद्दलचं वाचलं, त्यावर मला उत्तर सुचत नाहीये.

रिकामटेकडा

मुळात मोपिडीच का? ती गाणं सर्व्हरला जोडलेल्या स्पीकरवर वाजवते. मला बसमध्ये, ऑफिसात, फोनवर माझंच गाणं हवं होतं, म्हणून मी नॅव्हिड्रोम हा दुसरा संगीत सर्व्हर लावला. सबसॉनिक या जुन्या संगीत सर्व्हरची भाषा बोलतो, त्यामुळे फोनवर चालणारी ढीगभर अ‍ॅप्स मिळतात. एक्स्टेन्शनचं झेंगटच नाही. इंटरनेटवाल्यानं स्वतंत्र सार्वजनिक आयपी दिला नव्हता, राउटरवर पोर्ट उघडून उपयोग शून्य, म्हणून टेलस्केल (आपली यंत्रं खाजगी जाळ्यात जोडणारं) टाकलं. बाणेरला बसून घरची डिस्क ऐकतो.

मोपिडी माझ्या मेहुण्याकडे आहे. त्यानं एचटीटीपीच्या कॉन्फिगमध्ये होस्टनेम १२७.०.०.१ चं (म्हणजे फक्त त्याच मशीनपुरतं) बदलून सगळ्यांना खुलं केलं, कारण त्याशिवाय फोनवरून उघडत नाही. तिला पासवर्ड नसतो हे तो विसरला. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं, वायफाय सगळ्यांना दिलेलं, आणि ऐन आरतीच्या मध्ये आतल्या खोलीतून कुण्या भाच्यानं स्पीकरवर डीजे लावला.

खटपट्या

नॅव्हिड्रोम चांगलंच आहे, पण विलंबितच्या बाबांना बस नाही पकडायची, हॉलमधला अ‍ॅम्प्लिफायर वाजवायचाय. पायजमा हवा असलेल्याला तुम्ही रेनकोट दाखवताय. पासवर्डचं मात्र खरं आहे. राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय काढा आणि मोपिडी बाहेरच्या इंटरनेटला कधीच उघडू नका.

मुलतानी

एक शंका. विलंबित, कॅसेटची बाजू पालटताना मध्ये तोडलेला ख्याल तुम्ही जोडता का? मी जोडत होते. आता वाटतं, जिथे तुटला तिथेच ठेवावा.

विलंबित

जोडले. बाबांना ते रुचलं नाही. पंचेचाळिसाव्या मिनिटाला ते अजून खुर्चीतून उठतात.

तपकीर गल्ली

दुसऱ्यांदा विचारत नाही, सरळ सांगतो. पहाटे चारला स्कॅन, बरोबर? लोकल स्कॅनचं काम दोन प्रकारचं असतं. नव्या फाइली यादीत घालायच्या, आणि ज्या सापडत नाहीत त्या यादीतून काढायच्या. डिस्क रात्री कधीतरी सुटली असेल तर चारला स्कॅनला रिकामं फोल्डर दिसलं. त्यानं इमानदारीनं सगळी गाणी काढून टाकली. तुम्ही पाय बंद-चालू केल्यावर डिस्क परत लागली, म्हणून फाइली जागच्या जागी. पॉडकास्टचा काही संबंध नाही.

डिस्क का सुटली ते बघायला पायवर 'व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड' चालवा, वीज कमी पडते का ते ती आज्ञा सांगते. शून्य-एक्स-शून्य (म्हणजे सगळं ठीक) आलं तर माझं म्हणणं मागे घेतो.

विलंबित

शून्य-एक्स-५०००५.

तपकीर गल्ली

म्हणजे आत्ता या क्षणी व्होल्टेज कमी पडतंय आणि याआधीही पडलंय. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर लागतो, त्यात तुमची डिस्कही त्याच्याच जिवावर फिरते. डिस्कला स्वतःचा वीजपुरवठा असलेला यूएसबी हब घ्या. आणि क्रॉनच्या ओळीत स्कॅनच्या आधी 'माउंटपॉइंट'नं डिस्क जागेवर आहे का ते तपासा, नसेल तर स्कॅन होऊच देऊ नका. दोन शब्दांचं काम आहे.

खटपट्या

बाहेरचं शहाणपण :)

विलंबित

हसून घ्या. पॉडकास्टची माफी मागतो, तरी परत टाकणार नाही. रेडिओचंही काढलं. स्ट्रीमिंगचं ठेवलंय, फक्त माझ्या फोनवर दिसेल असं. हे मत बदलणं नव्हे, हा तह आहे.

तपकीर गल्ली

अ‍ॅडॅप्टर?

विलंबित

बाबांच्या जुन्या मोबाइलचा चार्जर. ड्रॉवरमध्ये पडला होता.

तपकीर गल्ली

वाटलंच.