अनुभव धागा : तोच शॉट पुन्हा तसाच यावा म्हणून आपण ड्रोनवर हात कसा बसवलात?

गेल्या गळीत हंगामात कोल्हापूरजवळच्या वडणगे परिसरातील एका गुऱ्हाळावर मी तीन दिवस चित्रीकरण करत होतो. उसाच्या फडामागून ड्रोन सावकाश वर यावा, तुरे खाली जाताच गुऱ्हाळाचे छप्पर आणि धुराडे दिसावे आणि तेथेच तो स्थिरावावा, एवढाच तो शॉट होता. मात्र पहाटे चुलवाण पेटताना आणि पुन्हा दिवस मावळताना तो अगदी तसाच हवा होता, कारण संकलनात सकाळचे दृश्य संध्याकाळच्या दृश्यात विरघळवायचे ठरले होते. दोन्ही वेळचे चित्रण वेगवेगळे पाहिले तेव्हा मला समाधान वाटले. एकावर एक ठेवले तेव्हा धुराडे दोन ठिकाणी दिसू लागले आणि संध्याकाळच्या शॉटचा शेवट इतका झटक्याने झालेला होता की तेवढा भाग कापूनच टाकावा लागला.

कारण शोधण्यासाठी मी दोन्ही उड्डाणांच्या नोंदी काढून बसलो. सकाळी मी ड्रोन रस्त्यावरून उडवला होता आणि संध्याकाळी फडाच्या बांधावरून. पडद्यावर दिसणारी उंची ही ज्या जागेवरून ड्रोन उडवला त्या जागेपासून मोजलेली असते, हे ठाऊक असूनही मी दोन्ही वेळा १२ मीटरचा आकडा पाहून थांबलो होतो. रस्ता बांधापेक्षा पुरुषभर उंच होता आणि तेवढाच फरक चित्रात उतरला. तेव्हापासून जागेवर पोहोचल्यावर मी प्रथम एक सपाट दगड निवडतो, त्यावर चुन्याने खूण करतो, ड्रोनचे तोंड कोणत्या झाडाकडे होते ते वहीत लिहितो आणि प्रत्येक उड्डाण त्याच दगडावरून करतो. उपग्रहांवरून ठरणारी जागा मीटर-दीड मीटर इकडेतिकडे होऊ शकते, म्हणून शेवटचा निर्णय आकड्यावर सोपवत नाही. पडद्यावर जाळीच्या रेषा चालू ठेवून धुराड्याचे टोक कोणत्या रेषेला टेकते ते पाहतो.

जागेचा प्रश्न असा सुटला, पण हाताचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. म्हणून हा धागा. कोणता ड्रोन घ्यावा ही चर्चा येथे नको. आपला हात कसा बसला, सराव कोठे आणि कसा केला, कोणती चूक कशी सापडली, हे आपण सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

राजारामपुरी, लग्नकार्यांचे चित्रीकरण

मी सहा वर्षे लग्नकार्यांत ड्रोन उडवतो आणि पहिली दोन वर्षे माझ्या प्रत्येक शॉटच्या शेवटी एक हिसका असे. दोष यंत्राचा आहे असे मी धरून चाललो होतो. एकदा धाकट्या भावाने मोबाइलवर माझ्या हातांचे चित्रण केले, तेव्हा दिसले की थांबायच्या क्षणी मी अंगठा रिमोटच्या स्टिकवरून उचलतो आणि आतली स्प्रिंग स्टिकला एकदम मध्यावर आणून सोडते. त्या दिवसापासून मी स्टिक नुसत्या अंगठ्याने न ढकलता अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरतो. जाताना जेवढ्या सावकाशीने स्टिक नेली तेवढ्याच सावकाशीने ती बोटांबरोबर परत येते. सवय बदलायला दीड महिना लागला आणि त्या काळात माझे उड्डाण आधीपेक्षा वाईट झाले होते, हे नव्याने बदल करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

शहरात सराव करणे अवघड आहे. उजळाईवाडीचा विमानतळ जवळ असल्याने डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा, कोठे उडवता येते ते दाखवणारा नकाशा पाहिल्याशिवाय ड्रोन उचलू नये. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच परवानगीविना उडवता येते आणि त्याहून आत गेल्यास आगाऊ परवानगी लागते. शिवाय २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट असावे लागते. मी त्यामुळे दर रविवारी भुदरगड तालुक्यातील आमच्या गावच्या माळावर जातो. तेथे २० मीटर बाजूच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर दगड मांडले आहेत. प्रथम ड्रोनचे तोंड न वळवता चारही बाजू, नंतर प्रत्येक कोपऱ्यावर तोंड वळवत, नंतर तोंड माझ्याकडे ठेवून, कारण त्या स्थितीत डावे-उजवे उलटे होते आणि गोंधळ तेथेच होतो. त्यानंतर दोन दगडांभोवती इंग्रजी आठचा आकडा. कॅमेरा सुरू नसला तरी चालतो, पण मी तो सुरूच ठेवतो, कारण डोळ्याला न दिसलेला हिसका चित्रणात सापडतो.

माळावरच्या एका बाभळीभोवती मी प्रदक्षिणेचा शॉट शिकलो. बाभळीकडे तोंड ठेवून ड्रोन उजवीकडे सरकवायचा आणि त्याच वेळी तोंड डावीकडे वळवायचे. झाडापासून ३० मीटर अंतर ठेवले तर परीघ सुमारे १८८ मीटर होतो. सेकंदाला ३ मीटर वेगाने तो पूर्ण करायला ६३ सेकंद लागतात, म्हणजे ड्रोनचे तोंड सेकंदाला सहा अंशांहूनही थोडे कमी वळायला हवे. हा हिशेब मांडला तेव्हा मला कळले की तोंड वळवणारी डावी स्टिक मी गरजेपेक्षा कितीतरी जास्त दाबत होतो. मग सेटिंगमध्ये तोंड वळण्याचा वेग कमी केला, मध्याजवळ स्टिक कमी संवेदनशील राहील असा एक्स्पो ठेवला आणि गिम्बल, म्हणजे कॅमेरा तोलून धरणारा भाग, खाली-वर होण्याचा वेगही उतरवला. हे आकडे वहीत लिहून ठेवले आहेत आणि त्यांना मी हात लावत नाही. सेटिंग दर आठवड्याला बदलणाऱ्याचा हात कधीच बसत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागल, भजनी मंडळात पखवाजवादक

माझा अनुभव थोडा वेगळ्या बाजूचा आहे. ड्रोन मी हौसेने उडवतो, पण पखवाज लहानपणापासून वाजवतो. वेगाचा अंदाज मला डोळ्यांनी कधीच नीट आला नाही, म्हणून मी तो मात्रांवर बसवला. भजनी ठेका आठ मात्रांचा असतो. पहिल्या आवर्तनात ड्रोन जागेवर स्थिर ठेवतो, फक्त रेकॉर्डिंग चालू असते. दुसऱ्या आवर्तनाच्या आठ मात्रांत स्टिक ठरलेल्या जागेपर्यंत नेतो, पुढची तीन आवर्तने तशीच ठेवतो आणि शेवटच्या आवर्तनात आठ मात्रांत ती मध्यावर आणून समेवर थांबतो. त्यानंतर आणखी एक आवर्तन स्थिर. ठेका तोंडाने हळू म्हणतो. लय ठरली की अंतर आपोआप ठरते आणि दुसऱ्या दिवशी तीच लय धरली की शॉटची लांबी जवळजवळ तेवढीच येते. घाईच्या दिवशी लय चढते, एवढी एक अडचण आहे. त्यासाठी खिशातल्या मोबाइलवर मेट्रोनोम लावून ठेवतो.

शिवाजी पेठ, निवृत्त ट्रॉलीमॅन

मी ड्रोनला हात लावलेला नाही. माझा नातू उडवतो आणि त्याने हा धागा मला वाचून दाखवला, म्हणून त्याच्याकडून लिहवून घेत आहे. तरुणपणी मी या शहरातल्या स्टुडिओत कॅमेऱ्याची ट्रॉली ढकलण्याचे काम केले. रुळांच्या कडेला खडूने खुणा असत : सुटण्याची एक, नटाच्या पहिल्या वाक्याची एक आणि थांबण्याची एक. थांबण्याच्या खुणेआधी हातभर अंतरावर मी माझी स्वतःची चौथी खूण करत असे, कारण जड ट्रॉली खुणेवर पोहोचल्यावर थांबवायला गेलो तर कॅमेऱ्यामागच्या माणसाला धक्का बसे. ढकलणे त्या चौथ्या खुणेपाशीच सोडायचे आणि उरलेले अंतर ट्रॉलीला तिच्या जोरावर जाऊ द्यायचे, हे मला वस्तादांनी शिकवले. सुटतानाही आधी अंगाचा भार पुढे घ्यायचा आणि मग पाय उचलायचा.

नातू धुराड्यापाशी किंवा देवळाच्या शिखरापाशी पोहोचल्यावर थांबायचा विचार करतो, तो आधी करायला हवा, एवढेच मी त्याला सांगितले. आता तो चित्रणाआधी एकदा रिकामी फेरी मारतो आणि थांबायच्या जागेच्या अलीकडे बांध, विजेचा खांब, एखादा वेगळ्या रंगाचा पत्रा अशी खूण हेरून ठेवतो. बाबूराव पेंटरांनी ज्या शहरात स्वतः कॅमेरा घडवला, त्या शहरातली मुले पुन्हा कॅमेऱ्याच्या चालीवर एवढी मेहनत घेत आहेत, याचा मला फार आनंद आहे.

पन्हाळ्याचा पायथा, पर्यटनविषयक माहितीपट

गड केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असल्याने गडावर परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. मी पायथ्याच्या आमच्या शेतातून सराव करतो आणि तेथे सगळा प्रश्न वाऱ्याचा आहे. पश्चिमेचा वारा उताराला धडकून वर चढतो आणि माथ्याच्या पलीकडे खाली कोसळून भोवरे करतो. त्या भोवऱ्यांत कितीही बसलेला हात असला तरी ड्रोनची शेपटी हलते. मी सकाळी सूर्य वर येण्यापूर्वीचा तास चित्रीकरणासाठी राखून ठेवतो, कारण उतार तापू लागले की हवा स्थिर राहत नाही. वारा आडवा लागण्यापेक्षा समोरून किंवा पाठीमागून लागेल अशी शॉटची दिशा निवडतो, आणि जाताना वाऱ्याच्या विरुद्ध, येताना वाऱ्याबरोबर हा क्रम सोडत नाही. सावकाश चालीच्या सिने मोडमध्ये वाऱ्याविरुद्धचा जोर कमी पडल्यामुळे एकदा माझा ड्रोन पुढे जाण्याऐवजी मागे सरकू लागला होता आणि स्पोर्ट मोड लावून तो कसाबसा परत आणावा लागला. तेव्हापासून बॅटरी ३० टक्क्यांवर आली की शॉट कितीही चांगला चाललेला असो, मी उतरवतो.

करवीर तालुका, हौशी छायाचित्रकार

प्रयाग चिखलीच्या खालच्या अंगाला पंचगंगेच्या पात्रावरून दोन मीटर उंचीने सरळ जाणारा शॉट मी घेत होतो. ड्रोनच्या पोटाखालचे कॅमेरे जमिनीवरचे तपशील ओळखून उंची आणि जागा धरतात. वाहत्या, चकाकत्या पाण्यात त्यांना धरायला काहीच नसते. ड्रोन हळूहळू खाली जात होता आणि मी पडद्याकडे पाहत होतो. तो बुडाला. आता पाण्यावर पाच मीटरच्या खाली जात नाही आणि डोळे ड्रोनवर ठेवायला शेजारी एक मित्र उभा करतो.

शिरोळ तालुका, उसावर औषध फवारणारी ड्रोनचालक

आमच्या बचत गटाच्या कामात मी फवारणीचा ड्रोन चालवते. तो आखून दिलेल्या पट्ट्यांवरून स्वतःच जातो, तरी पट्ट्याच्या टोकाला कोठे वळायचे आणि झाडापासून किती लांब राहायचे हे मलाच आधी ठरवावे लागते. त्यासाठी मी शेताच्या चारही कडांनी पायी फिरते, तारा आणि झाडे पाहते, मगच यंत्र उचलते. पुतण्या छोट्या ड्रोनने चित्रीकरण करतो, त्यालाही मी हेच करायला लावले. जो मार्ग तो आधी पायांनी चालला, त्यावर त्याचा हात अडखळत नाही, असे मी पाहिले आहे.

शाहूपुरी, जाहिरातपटांचे काम

वेपॉइंटची, म्हणजे मार्गावरचे टप्पे आधीच नेमून देण्याची, सोय असलेला ड्रोन वापरला की पुनरावृत्तीचा प्रश्न मिटतो, असे मला वाटत होते. मार्ग साठवून ठेवता येतो हे खरे, पण त्या मार्गाच्या उंचीही उड्डाणाच्या जागेपासूनच धरल्या जातात, त्यामुळे धागाकर्त्यांचा दगड तेथेही लागतोच. वेपॉइंट दोनच असले तर चाल सुंदर येते. पाच-सहा दिले तर प्रत्येक वळणावर किंचित अडखळ जाणवते. मी आता मार्ग यंत्राकडे देतो आणि गिम्बलचे खाली-वर होणे स्वतःच्या बोटाने करतो. आणखी एक गोष्ट सांगतो. चाल निर्दोष असूनही चित्र थरथरल्यासारखे दिसत असेल तर शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड मिळतो ते, पाहावे. सेकंदाला २५ फ्रेम असताना शटर १/५० सेकंदाच्या आसपास हवे, आणि आपल्याकडच्या कडक उन्हात ते १/१६०० वर गेलेले असते. उजेड कमी करणारा ३२ चा एनडी फिल्टर लावला की ते १/५० वर येते.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल पुन्हा त्याच गुऱ्हाळावर गेलो होतो. दगड तोच, आठ मात्रांचा ठेका, आणि थांबण्याआधीची चौथी खूण म्हणून पाटाच्या कडेचे शेवग्याचे झाड धरले. पहाटेचा आणि संध्याकाळचा शॉट रात्री एकावर एक ठेवून पाहिले. धुराडे एकाच जागी होते, थांबण्याच्या क्षणात सहा-सात फ्रेमचा फरक होता. दिवसभरात वारा फिरल्यामुळे सकाळचा धूर गावाकडे झुकला होता आणि संध्याकाळचा नदीकडे.